पडदा मोठा, पैसा बेताचा

नवरात्रात केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनाला गर्दी लोटते, आणि हल्ली नेमक्या त्याच दिवसांत मोबाइलवर मोठमोठे सेल लागलेले असतात. या भागाची अडचण अशी की तेव्हा पैसा घरात नसतो, तो शेतात कापसाच्या बोंडांच्या रूपात उभा असतो. आधी वेचणी, मग विक्री, मग चुकारा. तोवर दिवाळी उलटते आणि सेलही संपतो. त्यामुळे घरातला पहिला लॅपटॉप घ्यायचा तर तो हप्त्यांवर किंवा घाईत घेतला जातो. घाईत माणूस डोळ्यांना दिसतं तेवढंच पाहतो, आणि लॅपटॉपच्या बाबतीत डोळ्यांना पहिला दिसतो तो पडदा. ‘मोठ्या स्क्रीनवाला दाखवा, चाळीस हजारांच्या आत बसवा’ ही मागणी तालुक्याच्या ठिकाणच्या, पांढरकवड्याच्या दुकानदारालाही पाठ झाली असेल.

ही मागणी चुकीची आहे असं मला वाटत नाही. लॅपटॉप हलका असावा, लहान असावा, हा आग्रह विमानाने फिरणाऱ्यांचा. केळापूर तालुक्यातल्या घरात लॅपटॉप येतो तो टेबलावर किंवा दिवाणावर बसण्यासाठी. सकाळी मुलगी त्यावर व्याख्यानं ऐकते, दुपारी तिची आई बचत गटाचा हिशेब लिहिते, संध्याकाळी वडील सातबारा उघडून फेरफार पाहतात आणि रात्री सगळं घर सिनेमा बघतं. वापरणाऱ्यांत एखाद्याला चाळिशीचा चष्मा असतोच. ई-पीक पाहणी शेतात उभं राहून करायची असल्याने ती मोबाइलवरच ठीक. शिष्यवृत्तीच्या अर्जाचं मात्र तसं नाही. एकीकडे दाखला उघडा ठेवायचा, दुसरीकडे रकाने भरायचे, कागदपत्रं ठरावीक केबीच्या आत बसवून चढवायची, हे सहा इंचांच्या काचेवर करताना डोळ्यांत पाणी येतं. अशा घराला मोठा पडदा हवा. फक्त ‘मोठा’ कशाला म्हणायचं ते आधी नीट पाहायला हवं, कारण इंचाच्या आकड्यात बरंच काही लपतं.

पडद्याचे इंच कर्णावर मोजतात, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. बाजारात सगळ्यात जास्त दिसणारा १५.६ इंची पडदा घ्या. त्याची रुंदी सुमारे साडेचौतीस सेंटीमीटर आणि उंची साधारण १९.४. यापेक्षा मोठा १७.३ इंची असतो, रुंदी ३८.३ आणि उंची २१.५. आता तिसरा घ्या, अलीकडे दिसू लागलेला १६ इंची. आकड्यावरून तो १५.६ पेक्षा जेमतेम मोठा वाटतो. पण त्याची रुंदी-उंचीची पट वेगळी, १६ ला १० अशी असते. आधीच्या दोघांची १६ ला ९. त्यामुळे त्याची रुंदी १५.६ इतकीच राहते आणि उंची मात्र २१.५ होते. १७.३ ची उंचीही तेवढीच होती! चित्रपट पाहताना रुंदी कामाची, कारण सिनेमा आडवा असतो. वाचताना, अर्ज भरताना, हिशेब लिहिताना उपयोगी पडते ती उंची, कारण कागद उभा असतो. म्हणजे घरात अभ्यास आणि कागदपत्रं हे मुख्य काम असेल, तर १६ इंची पडदा १७.३ च्या तोडीचा ठरतो. वजन आणि किंमत मात्र बरीच खालची.

या दोन पटी का झाल्या, याची गोष्ट पैशाचीच आहे. एलसीडीचे पडदे एकेक करून बनत नाहीत. काचेचा मोठा पत्रा तयार होतो आणि त्यातून तुकडे कापतात. २००८ च्या सुमारास टीव्हीची पट १६ ला ९ ठरून गेली होती, तेव्हा लॅपटॉपचे पडदेही त्याच पटीत कापणं कारखान्यांना स्वस्त पडू लागलं, कारण एका पत्र्यात तुकडे जास्त बसत आणि कचरा कमी निघे. त्याआधी लॅपटॉप १६ ला १० चेच होते, त्याही आधी जवळजवळ चौकोनी. पुढची दहा-बारा वर्षं जवळजवळ सगळं जग टीव्हीच्या आकाराच्या पडद्यावर पत्रं लिहीत बसलं. २०२० नंतर उंच पडदा पुन्हा आला, आधी महाग लॅपटॉपांत आणि मग हळूहळू चाळिशीच्या टप्प्यातही. १५.६ इंची पडदा आजही स्वस्त आहे तो वाईट असतो म्हणून नव्हे, तर लॅपटॉपसाठी फार मोठ्या संख्येने कापला जाणारा तुकडा तो आहे म्हणून. १७ इंचांचं कौतुक तसं जुनं. ॲपलने जानेवारी २००३ मध्ये १७ इंची लॅपटॉप आणला तेव्हा त्याची किंमत ३,२९९ डॉलर होती. आज स्वस्त गटात १७.३ इंची फार कमी दिसतात, आणि दिसतात तेव्हा दोन किलोंच्या वर भरतात.

पण नुसता आकार मोठा असून भागत नाही. पडद्यावर ठिपके किती आहेत, हा खरा प्रश्न. ‘एचडी’ लिहिलेल्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, एकूण साडेदहा लाखांच्या आसपास. ‘फुल एचडी’वर १९२० आणि १०८०, म्हणजे जवळपास दुप्पट, वीस लाखांच्या वर. १६ इंची उंच पडद्यावर बहुधा १९२० आणि १२००. तेच साडेदहा लाख ठिपके मोठ्या काचेवर पसरले की प्रत्येक ठिपका मोठा होतो आणि अक्षराच्या कडा फाटतात. १५.६ इंची एचडी पडद्यावर एका इंचात सुमारे १०० ठिपके येतात, फुल एचडीवर १४१. ‘एचडी’ हे नाव ऐकायला भारी वाटतं म्हणून दुकानात ते ठळक लिहितात. आजच्या घडीला नव्या लॅपटॉपवर नुसतं एचडी दिसलं तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे जावं.

मराठी वाचणाऱ्याला हा फरक इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा जास्त जाणवतो. रोमन अक्षरं मोकळी, एका ओळीत बसणारी. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर रफार, अनुस्वार, मात्रा. खाली उकार, रकार. आणि मधे द्ध, ष्ट, ज्ञ यांसारखी दाटीवाटीची जोडाक्षरं. ठिपके विरळ असले की अनुस्वार एका-दोन ठिपक्यांचा उरतो, रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावातला अनुस्वार सुटला की पुढे केवढा घोळ होतो, हे तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या चढलेल्यांना सांगायला नको. महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. तो घरी बसून नीट वाचता यावा, एवढं तरी पडद्याने केलं पाहिजे.

या ठिपक्यांच्या बाबतीत महाराष्ट्रातलं एक उदाहरण फार बोलकं आहे. २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात, खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. शंभर डॉलरांत लॅपटॉप, अशी त्या प्रकल्पाची घोषणा होती. प्रत्यक्षात किंमत जवळपास दुपटीला गेली. हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या त्या यंत्राचा पडदा अवघा साडेसात इंचांचा होता. पण मेरी लू जेपसन यांनी तो असा रचला होता की उन्हात धरल्यावर आतला दिवा बंद करूनही, बाहेरच्या उजेडावर, काळ्या-पांढऱ्या स्वरूपात अक्षरं वाचता येत, आणि तेव्हा त्यावर १२०० आणि ९०० ठिपके दिसत. इंचाला २०० ठिपके! आज आपण मोठ्या हौसेने घेतो तो स्वस्त फुल एचडी पडदाही या बाबतीत त्याच्या मागे आहे. प्रकल्प पुढे सगळ्या जगातच ओसरला, त्याची कारणं वेगळी. पण गरीब शाळेसाठी लॅपटॉप करताना त्यांनी काटकसर कुठे केली आणि कुठे नाही, हे पाहण्यासारखं आहे: प्रोसेसर साधा घेतला, जागा कमी दिली, पडद्यावर मात्र डोकं आणि पैसा खर्च केला. आपल्या बाजारातले स्वस्त लॅपटॉप बरोबर उलटं करतात. प्रोसेसरचं नाव मोठं लावतात आणि पडदा गोदामातला सर्वांत हलका बसवतात.

हलका पडदा ओळखायची युक्ती सोपी आहे. लॅपटॉप सुरू करून समोर बसा आणि पडदा हळूहळू मागे लवता करा, मग स्वतः बाजूला सरका. चेहऱ्यांचे रंग उलटे-पालटे झाले, काळ्याचं राखाडी झालं, तर तो टीएन जातीचा पडदा. एकट्याने पाहायला चालतो, पण दिवाणावर चौघं बसून सिनेमा बघताना कडेच्या दोघांना भुतं दिसतात. आयपीएस जातीच्या पडद्यावर असं होत नाही. कंपन्या कागदावर ‘टीएन’ असं सहसा लिहीत नाहीत. ‘एसव्हीए’ असं लिहिलेलं दिसलं तर तो टीएनच समजा, आणि ‘डब्ल्यूव्हीए’ म्हणजे आयपीएससारखा, बाजूनेही दिसणारा. दुसरी गोष्ट उजेडाची. या गटातले पडदे बहुतेक २५० निट्सचे असतात. घरात, खिडकीकडे पाठ न करता बसलात तर पुरतात. छपरीत दुपारी बसून काम करायचं म्हणाल तर काचेत तुमचाच चेहरा दिसेल. रंगांच्या बाबतीत ‘४५ टक्के एनटीएससी’ अशी ओळ सापडली तर रंग फिके असणार हे धरून चाला. अभ्यासाला आणि हिशेबाला त्याने काही बिघडत नाही. लग्नाचे फोटो छापायला पाठवणाऱ्याने मात्र त्यावर विसंबू नये.

आता प्रोसेसर. इथे नावांचा असा काही गोंधळ आहे की तो मुद्दाम घातलाय असं वाटावं. इंटेलचा सेलेरॉन एन४५०० हा दोनच गाभ्यांचा, म्हणजे कोरचा, २०२१ चा. मोठ्या पडद्याच्या, डोळ्यांत भरणाऱ्या स्वस्त लॅपटॉपांत तो किंवा त्याचे भाऊबंद बसवलेले सापडतात. खिडक्या दोन-तीन उघडल्या की यंत्र विचारात पडतं. एन१०० हा चार छोट्या गाभ्यांचा, नुसता अभ्यास आणि व्हिडिओ असेल तर निभावून नेतो. ‘आय३’ हे नाव दोन वेगळ्याच घराण्यांत आढळतं. आय३-एन३०५ मध्ये आठ गाभे आहेत, पण आठही छोटे, वीज वाचवणारे. आय३-१२१५यू मध्ये सहाच गाभे, दोन मोठे आणि चार छोटे; पण रोजच्या कामात, म्हणजे एखादं पान झटकन उघडण्यात, मोठे गाभेच कामी येतात. आठ हा आकडा ऐकून जास्त पैसे मोजण्याआधी हे ध्यानात असू द्या.

एएमडीच्या रायझनमध्ये गंमत आणखी पुढे जाते. ‘रायझन ५ ७५२०यू’ आणि ‘रायझन ५ ७५३०यू’ ही नावं जुळ्या भावांसारखी दिसतात. पण या मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. पहिल्यात तो २ आहे, म्हणजे २०१९ मध्ये आलेली झेन २ ही रचना. दुसऱ्यात ३, म्हणजे त्यानंतरची झेन ३. शिवाय ७५२०यू आणि त्याचा धाकटा ७३२०यू यांच्याबरोबरची रॅम बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असते. आठ जीबी घेतलीत तर जन्मभर आठच. दुकानदार ‘नंतर वाढवून घ्या’ म्हणाला तर त्याला ही गोष्ट ठाऊक नसते, किंवा चांगलीच ठाऊक असते.

रॅमची ही बाब सध्या पूर्वीपेक्षा महत्त्वाची झाली आहे. आत्तापर्यंत रिवाज असा होता की आठ जीबीवर यंत्र घ्यायचं आणि वर्षभराने हजार-दोन हजारांत दुसरी पट्टी टाकायची. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची एवढी मागणी नोंदवली की भाव कडाडले. मायक्रॉन या बड्या कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशिअल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड गुंडाळण्याचीच घोषणा केली. अमेरिकेतल्या संगणकांची भूक पांढरकवड्यातल्या रॅमच्या पट्टीपर्यंत पोहोचते ती अशी. म्हणून हिशेब आधीच करा. विंडोज ११ ला कागदोपत्री चार जीबी पुरते, प्रत्यक्षात ती नुसती उभी राहते. आठ ही आजची खालची मर्यादा, आणि सोळा मिळत असेल तर प्रोसेसरमध्ये एक पायरी खाली उतरूनही घ्यावी. दुकानातच टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा. किती खाचा आहेत आणि किती भरल्यात, ते बहुतेक यंत्रांत तिथे दिसतं.

साठवणुकीचं थोडक्यात सांगतो. एसएसडी हवीच, ५१२ जीबी असली तर उत्तम. घरी आणल्यावर विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसेल. फसवणूक झाली म्हणून भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यातला तो फरक. ‘एक टीबी हार्ड डिस्क’ अशी जुन्या मालाची जाहिरात मात्र मोहात पाडते. फिरत्या तबकडीची ती डिस्क विंडोज ११ ला इतकी मंद पडते की यंत्र सुरू होईपर्यंत चहा होतो. आणि ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे स्वस्त जातीची साठवण असेल तर विंडोजच्या दोन-तीन अपडेटांतच घर भरतं. जुलै २०२३ मध्ये आलेल्या १६,४९९ रुपयांच्या जिओबुकमध्ये ११.६ इंची पडदा आणि अशीच ६४ जीबी होती. त्यावर विंडोज नसून जिओची स्वतःची प्रणाली होती म्हणून ते निभलं.

आता जी गोष्ट पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत सापडणार नाही ती. विदर्भाचा उन्हाळा. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत चालवण्याचं तापमान लिहिलेलं असतं, आणि बहुतेकांत ते ३५ अंश सेल्सियसपर्यंतच असतं. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ ला टेकतो. टिनाच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. यंत्र बंद पडत नाही, पण स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतं, आणि मग ‘उन्हाळ्यात लॅपटॉप हँग होतो’ अशी तक्रार सुरू होते. खरं नुकसान बॅटरीचं. लिथियमची बॅटरी उष्णतेत आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत झपाट्याने म्हातारी होते. घरचा लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेलाच असतो, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. पहिल्याच दिवशी ती लावून टाका. गादीवर, दुलईवर ठेवून चालवू नका, खालची हवा कोंडते. कूलरच्या थेट झोतातही नको, कारण कूलरची हवा थंड असते तशी ओलीही असते आणि पाण्याचे बारीक तुषार तिच्यातून येतात. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी पंख्याची जाळी वरचेवर पाहावी. तंतू आणि धूळ मिळून तिथे नमदा जमतो.

विजेच्या बाबतीत लॅपटॉप हे गाव-तालुक्याचं यंत्र आहे. त्याच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. दाब उतरून दिवे पिवळे पडले तरी तो निमूट चार्ज करत राहतो. वीज गेली की डेस्कटॉप जागीच मरतो, हा चालू राहतो. घरच्या कामाला सरासरी वीस वॉट धरले आणि रोज पाच तास वापर धरला, तर महिन्याला तीन युनिट. बॅटरीची क्षमता मात्र तासांत विचारू नका, वॉट-तासांत विचारा. या गटात ती बहुधा ४०-४२ वॉट-तास असते आणि मोठ्या पडद्याचा दिवा जास्त वीज खातो, म्हणून माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो, चार तास मिळाले की समाधान मानावं. अडॅप्टर बदलायची वेळ आली तर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्यावर आहे का ते बघा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात कसाबसा कोंबला, किंवा घराला अर्थिंगच नसलं, की धातूच्या अंगाला हात लावताना मुंग्या येतात. तो दोष लॅपटॉपचा नसतो.

कीबोर्डबद्दल एक गैरसमज आहे. मोठा लॅपटॉप घेतला की कळा मोठ्या मिळतात असं वाटतं. तसं नाही, १४ इंचांवरही कळांमधलं अंतर तेच. मोठ्यावर उजवीकडे अंकांची वेगळी पट्टी मिळते, एवढंच. बचत गटाचा किंवा दुकानाचा हिशेब लिहिणाऱ्याला ती फार सोयीची. नुसतं लेखन करणाऱ्याला ती उलट नडते, कारण अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात आणि आपण पडद्याच्या मध्यावर न बसता कडेला बसतो. मराठी टंकनासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये येतात. तीन-चार हजारांचं ‘मराठी सॉफ्टवेअर’ गळ्यात मारणारे अजून भेटतात. त्यांच्यापासून दूर राहा.

आता पर्याय, कारण मोठ्या पडद्याचा लॅपटॉप हे मोठ्या पडद्याचं एकमेव उत्तर नाही. त्याच पैशांत १४ इंची, जरा बरा लॅपटॉप आणि शेजारी २४ इंची मॉनिटर बसू शकतो का, हे जरूर पाहा. २३.८ इंची मॉनिटरची उंची २९.६ सेंटीमीटर असते, म्हणजे ए-४ चा उभा कागद त्यावर जवळजवळ खऱ्या मापात मावतो. क्षेत्रफळ १७.३ इंची पडद्याच्या पावणेदोन पटीहून जास्त. लॅपटॉप चार-पाच वर्षांनी बदलला तरी मॉनिटर राहतो. तोटा असा की वीज गेली की मॉनिटरही जातो, आणि एका टेबलाची जागा कायमची अडते. घरचा टीव्ही वापरू, असंही पुष्कळांना वाटतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे हा विचार आणखी बळावला. लॅपटॉपवरचा कर आधीही १८ टक्के होता, आताही तोच आहे. सिनेमा आणि व्याख्यानांना एचडीएमआयच्या वायरीने टीव्ही जोडणं उत्तम. वाचायला नाही, कारण ३२ इंची बरेच टीव्ही ‘एचडी रेडी’ असतात, त्यावर तेच १३६६ आणि ७६८ ठिपके ताणून बसवलेले असतात.

जुना म्हणजे रिफर्बिश्ड लॅपटॉप हा नागपूरच्या सीताबर्डीत सहज मिळणारा तिसरा मार्ग. तिथे एक अट पाळा: इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या खालचा नको. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठव्या पिढीच्या आधीच्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. सातव्या पिढीचा चकचकीत लॅपटॉप पंधरा हजारांत देणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणूनच तो पंधरा हजारांत देतो.

पैसे देण्याआधी दोन चौकशा. पहिली, ‘नो कॉस्ट ईएमआय’ची. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच मनाई केली आहे. आता व्याज लागतंच, दुकान तेवढी सूट देऊन ते झाकतं. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच खात्यातून जातं. चुकारा महिनाभरात येणार असेल तर रोख भाव विचारून थांबणं बहुधा स्वस्त पडतं. सेल काय, प्रजासत्ताक दिनालाही लागतो, आणि तेव्हा कापूस विकून झालेला असतो. दुसरी चौकशी दुरुस्तीची. वॉरंटी ‘ऑनसाइट’ म्हणजे माणूस घरी येणारी आहे की ‘कॅरी-इन’ म्हणजे आपण यंत्र घेऊन जायची, हे बिलाआधी लिहून घ्या. आणि कंपनीच्या सेवा क्रमांकावर फोन करून विचारा, ४४५३०२ या आपल्या पिनकोडवर माणूस येतो का. यवतमाळ इथून सत्तरेक किलोमीटर, नागपूर दीडशेच्या घरात. कॅरी-इनचा एक फेरा म्हणजे एक मजुरी बुडते आणि एसटीचं भाडं वर. दोन हजारांनी महाग, पण घरी माणूस येणारा लॅपटॉप केळापूर तालुक्यात स्वस्तच म्हणायचा.

माझं मत विचाराल तर चाळीस हजारांच्या आसपास १६ इंची, १९२० बाय १२०० चा आयपीएस पडदा, आय३-१२१५यू किंवा त्याच्या तोडीचा प्रोसेसर, ५१२ ची एसएसडी आणि वाढवता येणारी रॅम मिळाली तर डोळे झाकून घ्या. तो मिळाला नाही तर १५.६ चा फुल एचडी आयपीएस. १७.३ च्या मागे लागू नका. त्या पैशांत मॉनिटर येतो. १६ आणि १५.६ यांपैकी काहीच बजेटमध्ये बसत नसेल तर पडदा लहान करा, एचडी आणि चार जीबीवर उतरू नका. घरी खोका उघडताना सुरुवातीपासून मोबाइलवर चित्रीकरण करा, यंत्राच्या तळाचा सिरीयल नंबर बिलाशी ताडून पाहा, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून वॉरंटीची तारीख तपासा. ती बिलाच्या आधी सुरू झालेली दिसली, तर परतीची मुदत संपण्याआधी दुकानदाराकडून दुरुस्त करून घ्या.